पेशंट शांत आहे

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: मशीन आणि तारीख. कोणतं मशीन लावणार आणि कधी बरं होणार, एवढंच विचारतात. बीडमध्ये सव्वीस वर्षं फिजिओथेरपीचा दवाखाना चालवला, आता सकाळचे तीनच तास बसते, पण हे दोन प्रश्न काही बदलले नाहीत. गावाकडचे लोक मला 'शेकवाल्या मॅडम' म्हणतात. चौसाळ्याकडच्या एका आजोबांच्या कमरेला मी वायर लावली आणि बटण दाबायचं विसरले. वीस मिनिटांनी उठून म्हणाले, "आज लई फरक पडला, मॅडम." फरक पडलेल्या माणसाशी वाद कशाला घालायचा?

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांना सांगते, मशीनचं काम त्यात अगदी थोडं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मांडीचा स्नायू पाहता पाहता वाळतो आणि तो परत भरायला महिनेच्या महिने जातात. त्यासाठी करायचं काय, तर गुडघ्याखाली उशी ठेवून ती दाबायची, दहा आकडे मोजायचे आणि सोडायची. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. टाच गादीवरून मागं सरकवायची. हेच दिवसातून चार वेळा करायचं. इतकं कंटाळवाणं काम आहे की कोणी मन लावून करत नाही, आणि नुसती उशी दाबायला सांगितली तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही मशीन लावतो. ते लुकलुकतं, पेशंट खूश होतो आणि मग थोडीफार उशीही दाबतो.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला हलकंफुलकं काहीतरी मागितलं होतं. माझ्याकडं तसलं भरपूर आहे. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांच्या कंबरा, मास्तरांच्या माना, सुनेला घरकामाला लावण्यासाठी मुद्दाम न बऱ्या होणाऱ्या सासवा. पण यंदा मी खेळाडूंवर लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक त्यांच्यातच झाली. ती हलकीफुलकी नाही.

आमच्याकडं पोरगं खेळताना पडलं की पहिली गर्दी होते ती भेटायला येणाऱ्यांची. डझनभर केळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन अख्खी गल्ली येते. प्रत्येकाकडं एक गोष्ट असते. मेव्हण्याचा पाय असाच मोडला होता आणि अजून लंगडतो. मामेभावाचा तर पुढं वाळूनच गेला. केळी खाऊन, पोराचा जीव अर्धा करून मंडळी निघून जातात. हे पंधरा दिवस चालतं. त्यानंतर कोणी फिरकत नाही, आणि खरं दुखणं तर पंधरा दिवसांनीच सुरू होतं.

दुसरी गर्दी सल्ल्यांची. मालिशवाला, हाड बसवणारा, तेल देणारा. आणि आता मोबाइल. दोन्ही पाय नसलेला कुठला तरी माणूस डोंगर चढतोय आणि मागं ढोल वाजतायत, असला व्हिडिओ भाऊबंद पाठवतात. खाली लिहिलेलं असतं, जिद्द हवी. पाठवणारा स्वतः चहा प्यायलाही गाडीवर जातो.

आणि तिसरे म्हणजे सर. बीड जिल्ह्यात खेळ शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाला सर म्हणतात, मग त्याला शरीराविषयी काही कळो न कळो. यांची रीत मी सव्वीस वर्षं पाहत आले. पोराचा गुडघा दुखला की हे म्हणणार, दुखणं मनात असतं, उठ, पळ. आणि पोराचं मन दुखायला लागलं की म्हणणार, मन-बिन काही नसतं, गुडघा तर बरा आहे ना? दोन्हीकडून यांचंच खरं.

एवढं सगळ्यांना नावं ठेवून झाल्यावर माझ्याकडं येते.

अगदी सुरुवातीच्या वर्षांत एक पैलवान यायचा. कुस्तीत खांदा निखळलेला. धिप्पाड गडी, पण माझ्यासमोर खाली मान घालून बसायचा. सहा वेळा आला आणि यायचा बंद झाला. मी फाइलवर लिहिलं, 'उपचार अर्धवट सोडले', आणि मनात म्हटलं, यांना फुकटचं दुखणं पाहिजे, व्यायाम नको. बऱ्याच वर्षांनी तो मला बसस्टँडसमोर एका रसवंतीवर भेटला. सुटलेलं पोट, पांढरे केस. त्यानं मला ओळखलं, रस पाजला आणि सहज बोलावं तसं सांगितलं, "मॅडम, त्या येळेस मी दोन वर्सं घराभाईर निघालो न्हाई. तालमीवरनं जायचं म्हणलं की छातीत धडधडायचं. तुमच्याकडं यायचा रस्ता तालमीवरनंच व्हता." मी रस संपवला आणि 'अरे बाप रे' म्हणून निघाले. त्यातून शिकायला हवं होतं. नाही शिकले.

मग अश्विनी आली.

वडवणीच्या अलीकडच्या एका गावातली ही पोरगी, वय एकोणीस. वडील साहेबराव शाळेत शिपाई, आई शिवणकाम करायची. अश्विनी कबड्डीत चढाई करायची. चढाई म्हणजे एकटीनं समोरच्या सात जणींच्या घरात घुसायचं, कोणाला तरी शिवायचं आणि धरू न देता परत यायचं. हे करायला पायात चपळाई लागते आणि डोक्यात थोडा माज. अश्विनीकडं दोन्ही भरपूर होतं. तिची राज्याच्या संघात निवड झाली, तसा गावच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! मधोमध नेत्यांचं हसरं तोंड, त्यांच्या बाजूला त्यांच्या चिरंजिवांचं, खाली शुभेच्छुक म्हणून वीस-बावीस मुंडकी आणि एका कोपऱ्यात अश्विनी. निवड कोणाची झाली हे फ्लेक्स वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

त्याच नेत्यांचा वाढदिवस आला. वाढदिवसानिमित्त कबड्डीचे भव्य सामने, ही आमच्याकडची रीतच आहे. राज्याच्या संघाची स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. जगात कुठल्याही शहाण्या माणसानं त्या पोरीला घरी बसवलं असतं. पण तिचे सर म्हणाले, साहेबांनी खास तुझं नाव घेतलंय, नाही म्हणू नकोस. नांगरटीच्या रानावर रोलर फिरवून वर मॅट अंथरलेली होती. दुसऱ्याच चढाईत समोरच्या पोरीनं अश्विनीचा घोटा धरला, वरचं अंग वळलं, पाय मॅटच्या खड्ड्यात तसाच राहिला आणि गुडघ्यात कट्कन आवाज आला. तो आवाज पहिल्या रांगेत ऐकू गेला, असं नंतर तिची आई सांगायची.

पुढचं मी ऐकलं तेव्हा मला खरं वाटेना. पोरगी बर्फ लावून कडेला पडली होती. तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला की राज्य संघातल्या आपल्या भगिनीचा साहेबांच्या हस्ते सत्कार आहे. संघातल्या दोघींनी तिला उचलून स्टेजवर नेलं. शाल घातली, नारळ दिला. भाषण संपेपर्यंत ती एका पायावर उभी. तिथं काढलेल्या फोटोत ती हसतेय. मी तो फोटो पाहिलाय.

गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या असतात, फुली मारल्यासारख्या एकमेकींवर. त्यातली पुढची तुटली होती. या दोऱ्यांना लिगामेंट म्हणतात. संभाजीनगरला ऑपरेशन झालं आणि टाके निघाल्यावर ती माझ्याकडं आली. येतानाच तोंड सोडून. "मॅडम, मला लंगडत ठिवू नका हां. मला जानेवारीत खेळायचंय." मी गुडघा पाहिला, पट्टी लावून मोजला आणि म्हटलं, "जानेवारीत मैदानात असशील." सव्वीस वर्षांची सवय. तारीख मागितली की द्यायची. जानेवारीला तेव्हा नऊ महिने होते आणि नऊ महिन्यांत हा गुडघा बरा होतो, असं पुस्तकात आहे. पुस्तकात आणखीही बरंच होतं, ते मी वाचलं नव्हतं.

पहिला महिनाभर तिनं मला वीट आणला. कशाला करू, कितीदा करू, मशीनचा करंट कमी लावला का, काल जास्त होता. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यांशीही भांडायची. मी तिला दोनदा झापलं. मग दुसऱ्या महिन्यात नव्या संघाची यादी तिच्या मोबाइलवर आली. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती, आणि त्या मुलीनं नव्या टी-शर्टवरचा स्वतःचा फोटो तिला पाठवला होता. अश्विनीनं तो मला दाखवला. मी म्हटलं, "जाऊ दे, पुढच्या वर्षी तू." तिनं मोबाइल पालथा ठेवला. मी करंट लावला.

आता माझ्या भिंतीविषयी सांगते. दवाखान्यात शिरलं की समोर माझ्या हातून बरे होऊन मैदानात परतलेल्या खेळाडूंचे फोटो होते. अठरा फोटो, कोणाच्या हातात कप, कोणाच्या गळ्यात पदक. करंटची कॉट बरोबर त्यांच्यासमोर. अश्विनी रोज तासभर त्या फोटोंकडं बघत पडायची. एक दिवस तिनं विचारलं, "मॅडम, बरे न्हाई झाले त्यांचे फोटू कुठं हायत?"

मी म्हटलं, "तसं कोणी नाही."

"एक बी न्हाई?"

"तू प्रश्न कमी विचार आणि व्यायाम जास्त कर."

तिनं तोंड भिंतीकडून फिरवलं. त्या दिवसापासून ती एकदम सुधारली. वेळेवर यायची, सांगितलं तेवढं करायची, मोजायला पाय पुढं करायची, जाताना 'येते मॅडम' म्हणायची. एक शब्द जास्त नाही. आम्हा लोकांना असा पेशंट फार आवडतो. आठवड्याची नोंद करताना मी फाइलवर लिहिलं, 'पेशंट शांत आहे. सहकार्य उत्तम.' पुढच्या वेळेलाही तेच, त्याच्या पुढच्याही. तिचे गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला दिसत नव्हतं असं नाही. मी ते ऑपरेशनच्या खात्यावर टाकलं. गुडघा मात्र झकास चालला होता, एकशे वीस अंशांपर्यंत वाकत होता, आणि माझं सगळं लक्ष त्या आकड्याकडं होतं.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी ती पिशवी घेऊन आली. त्यात तिचे मॅटवरचे बूट होते, चांगले, महागातले. माझ्याकडं खो-खोची एक मुलगी यायची, तिला दिले. "तुला येतील बघ. मला काय करायचेत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, तुमी लई केलं माझ्यासाठी." उपचाराचे अजून पाच महिने बाकी होते. निरोपाचं बोलायचं काही कारणच नव्हतं. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, काय मनाची पोरगी आहे! मी खूश झाले. संध्याकाळी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं. फाइलवरही लिहिलं, शांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील साहेबराव एकटेच आले. तिला कंटाळा आलाय म्हणून आली नाही, गुडघ्याचा पट्टा बदलून पाहिजे, म्हणाले. मी पट्टा काढत होते आणि ते आपले समाधानानं बोलत होते. "मॅडम, तुमच्या हाताला गुण हाय. पोरगी लई शहानी झाली. आदी घरात नुसती भांडणं. आता चकार शब्द न्हाई. पेटी आवरली, पदकं चुलतभावाच्या पोरींना वाटली, मोबाइल बी भावाला दिऊन टाकला. अन् परवा स्थळाचं काढलं तर व्हय म्हणली. मी म्हणलं, बघ बरं, पुन्ना भांडशील. तर म्हणली, तुमाला पायजे तसं करा."

मी हातातला पट्टा खाली ठेवला. याच पोरीनं पहिल्या महिन्यात मला सांगितलं होतं की स्थळ घेऊन आलेल्या आत्याला तिनं फाट्यापर्यंत हुसकून लावलं होतं. मी फाइल काढली. 'शांत' हा शब्द मी अकरा वेळा लिहिला होता, माझ्या सुंदर अक्षरात. जिला भांडल्याशिवाय पाणी प्यायची सवय नव्हती ती पोरगी अकरा वेळा शांत होती, आणि मी तिला चांगल्या पेशंटचे मार्क देत होते.

दोन पेशंट बसले होते, त्यांना उद्या या म्हटलं. शटर ओढलं आणि साहेबरावांच्या मोटारसायकलवर मागं बसले. मी पन्नाशीच्या पुढची बाई, साडी सावरत, एका हातानं सीटची कडी धरून. साहेबराव सारखं विचारत होते, "पण झालं काय, मॅडम? कावून निघालाव?" वाऱ्यात काय सांगणार. सगळ्या वाटेत मी देवाची नावं घेत होते आणि स्वतःला शिव्या देत होते. फाट्यावर वळताना तो फ्लेक्स दिसला. एक दोरी सुटून कोपरा फडफडत होता. तिचाच कोपरा.

अश्विनी गोठ्याच्या सावलीत बसली होती. समोर ताटात भाकरी तशीच. मला बघून उठायला लागली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. आमच्यातसुद्धा शिकलेसवरलेले लोक म्हणतात की असलं विचारू नये, विचारलं की डोक्यात भरतं. साफ खोटं आहे ते. मलाही हे तोपर्यंत नीट माहीत नव्हतं, पण आता न विचारता परत जायची माझी हिंमत नव्हती.

"अश्विनी, तुला मरावंसं वाटतं का?"

तिनं आधी ताटाकडं बघितलं. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुमाला?"

"कोणी नाही. मी विचारतेय."

"दोन महिने झाले, मॅडम. सकाळी डोळे उघडले की पहिलं त्येच येतं. झोप बी न्हाई. पहाटे पाचला जाग येती, प्रॅक्टिसची येळ. मग उठून करायचं काय?" तिनं ताट बाजूला सारलं. "तुमी रोज गुडघा मोजत व्हता. मला वाटायचं, आज इचारतील. मग वाटायचं, उद्या इचारतील."

"तू का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगू? गुडघा तर वाकतोय की."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. लाज वाटली, लाज. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

आई दारातून ऐकत होती. लताबाई त्यांचं नाव. त्या लेकीजवळ येऊन बसल्या आणि तिचा हात धरला. मी सांगितलं, बीडला माझ्या ओळखीचे मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत, आत्ता जायचं, उद्या नाही. साहेबरावांचा चेहरा पडला. "येड्याच्या डॉक्टराकडं? मॅडम, पोरीचं लग्न जमायचंय. उद्या कुणी बघितलं तर?"

लताबाई उठल्या. "लग्न गेलं उडत. चप्पल घाला."

साहेबरावांनी चप्पल घातली. शेजाऱ्याची जीप मिळाली. तासाभरात आम्ही डॉक्टरांच्या दारात होतो.

डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलून मग आम्हाला आत घेतलं. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि काही आठवडे तिला एकटं सोडायचं नाही, असं बजावलं. नंतर मला थांबवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसता गुडघा गेला म्हणता. या पोरीची पहाटेची उठायची वेळ गेली, मैत्रिणी गेल्या, राग काढायची जागा गेली, गावातलं नाव गेलं. एका दिवसात. मोठा माणूस कोलमडेल." मी विचारलं, मग ती रडली का नाही, तक्रार का केली नाही? ते म्हणाले, "दुखलं तरी बोलायचं नाही, हेच तिला लहानपणापासून शिकवलंय. त्यासाठीच तर बक्षिसं मिळाली तिला." एका पायावर उभी राहून हसणारी ती फोटोतली पोरगी मला आठवली. खेळाडू गप्प झाला की जास्त घाबरायचं, हे मला तिथं कळलं. सव्वीस वर्षांच्या धंद्यात मी उलटं शिकले होते.

आठवड्यानं अश्विनीचे सर दवाखान्यात आले. कुठून तरी कळलं होतं. खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, तुमी उगं डोक्यात भरवलंत तिच्या. आमच्या खेळात रडक्यांना जागा न्हाई." मी म्हटलं, "सर, तुमच्या खेळात शहाण्यांनाही जागा दिसत नाही. दहा दिवसांवर राज्य संघाची स्पर्धा असताना वाढदिवसाच्या मॅटवर पोरीला उतरवणारा माणूस कोण, ते आधी सांगा." ते उठून गेले. त्यांनी नंतर माझ्याकडं पेशंट पाठवणं बंद केलं. पेशंट आपले आपण येतात, मागच्या दारानं, सरांना कळू नये म्हणून.

गोष्ट इथं छान संपवता आली असती, पण तसं झालं नाही. गोळ्यांनी पहिले काही आठवडे तिला नुसती झोप यायची. घरात दोनदा कडाक्याचं रडणं झालं. स्थळ आपसूक मोडलं, त्याचं खापर माझ्यावर फुटलं. जानेवारी आला आणि गेला. मी दिलेली तारीख. महिना संपला त्या दिवशी मी तिला स्वतःहून म्हटलं, "मी थाप मारली होती. कधी खेळशील ते मला माहीत नाही. आणि बरे न झालेले पुष्कळ आहेत, त्यांचे फोटो मी कधी लावले नाहीत." ती म्हणाली, "मला ठावं व्हतं." नेत्यांच्या फ्लेक्सला मी नाकं मुरडत होते आणि माझी भिंत दुसरं काय होती? सगळे अठरा फोटो मी त्याच आठवड्यात उतरवले. भिंतीवर अठरा चौकोनी डाग राहिलेत. रंग द्यायचा राहून गेलाय.

फाट्यावरचा फ्लेक्स मात्र तिनं स्वतः उतरवला. सत्काराचा फ्लेक्स काढणं म्हणजे नेत्याचा अपमान, म्हणून गावात कोणी हात लावत नव्हतं. साहेबरावांनी शिडी धरली. शिपाई माणूस, नोकरीची काळजी होती त्यांना, पण धरली. आता तो फ्लेक्स त्यांच्या कडब्याच्या गंजीवर आहे, नेत्यांचं तोंड खालच्या बाजूला. पाणी आत जात नाही, असं लताबाई कौतुकानं सांगतात.

अश्विनी राज्याकडून खेळली नाही. आता खेळेल असंही मला वाटत नाही. वर्षानं एकदा मैदानात उतरली, एक चढाई केली आणि परत येऊन म्हणाली की भीती वाटते. सध्या बीडला कॉलेजात आहे. गोळ्या डॉक्टरांनी कमी करत आणल्यात, काही दिवस वाईट जातात, ते आता सांगते. नव्या पेशंटला मी पट्टी लावायच्या आधी विचारते, झोप लागते का, जेवण जातं का, आणि गरज वाटली तर तो प्रश्नही विचारते. लोकांना विचित्र वाटतं. 'मॅडम, आमी पायासाठी आलोत,' म्हणतात. वाटू दे.

गेल्या महिन्यात ती मांडीचा जोर तपासायला आली होती. मी सांगितलं, खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसायचं, तीस वेळा. अकराव्याला ती थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी करून दावा की तीस. सोताला उठताना टेबल धरावं लागतं, अन् मला तीस सांगता व्हय? अन् ते मशीन कावून लावलं मगाशी? त्यानं काय व्हत न्हाई असं तुमीच म्हणला व्हताव. लोकांना येडं बनवायचं काम हाय नुसतं." पूर्ण दवाखाना ऐकत होता. कॉटवरचे एक आजोबा घाबरून स्वतःची वायर तपासायला लागले.

मी टेबल धरून उठले, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि पदरानं डोळे पुसले. मग तिची फाइल उघडून लिहिलं: 'पेशंट भांडते आहे. प्रगती उत्तम.'